पुरुष रुग्णाच्या मनाचीही तपासणी व्हावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

भारतीय पुरुषांत तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक असून त्यामागे मुख्यतः तंबाखू आहे. त्यामुळे ‘आपणच ओढवून घेतले’ ही बोच अशा रुग्णाला आजाराइतकीच छळते. माझ्या थोरल्या भावाच्या जबड्यावर शस्त्रक्रिया झाल्यापासून तो ताट उचलून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसतो, आणि ओठाच्या कोपऱ्यातून पातळ भात ओघळला की खांद्यावरच्या पंचाने टिपत ‘मला काय धाड भरलीये’ म्हणतो. प्रत्येक फेरतपासणीत त्याचे वजन, रक्त, जखम सारे तपासले गेले. रात्री झोप लागते का, हे मात्र एकदाही कोणी विचारले नाही. (वहिनींना विचारले असते, तरी उत्तर मिळाले असते.)

शासनाची फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी टेलि-मानस सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे, पण स्वतःहून फोन लावून ‘मला भीती वाटते’ असे सांगणारे पुरुष विरळाच. म्हणून कर्करोगाच्या बाह्यरुग्ण विभागात समुपदेशकाची भेट रुग्णाच्या मर्जीवर न सोडता केसपेपरवरची नेहमीची पायरी करावी, आणि त्या वेळी घरच्यांना थोडा वेळ बाहेर बसवावे, कारण त्यांच्यादेखत तो तोंड उघडणार नाही.

— एक वाचक, सातारा