बस फुकट झाली, आता तळघराकडे बघा

महोदय,

अमेरिकेत मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) मुलीकडे राहायला आलोय. उभी नोकरी वीज खात्यात गेली, त्यामुळे पाहुणा असलो तरी नजर मीटरवर जातेच.

२००५ च्या तुलनेत कार्बन उत्सर्जन २०२७ पर्यंत ८० टक्के आणि २०३५ पर्यंत पूर्ण घटवायचं, असं इथल्या काउंटीने ठरवलंय. मुदत तोंडावर आलीय! २०२५ पासून काउंटीच्या 'राइड ऑन' बसला तिकीट नाही, शाळांच्या काही पिवळ्या बस विजेवर धावतात. झकास. पण आमच्याकडून थांब्याकडे जाताना पदपथच मध्ये संपतो, म्हणून दुधालासुद्धा गाडी निघते.

खरी गोम तळघरात आहे. तिथे हिवाळाभर घर तापवणारी गॅसची भट्टी धडधडते, शेजारी गॅसवरच कपडे वाळवायचं यंत्र. (मी तिथे दोरी बांधलीय. जावईबापूंना पसंत नाही, पण कपडे वाळतात.) भट्टीला पर्याय हीट पंपाचा. हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला एसी. बाहेरच्या गार हवेतलीच उष्णता तो आत ओढतो आणि एका युनिट विजेत साधारण दोन-तीन युनिटांची ऊब देतो. मात्र आधी माळ्यावरच्या फटी बुजवायला हव्यात.

गॅसऐवजी वीजच वापरा, हा काउंटीचा कायदा फक्त नव्या इमारतींसाठी आहे. आमच्यासारख्या जुन्या घरांचं काय? भट्टी बंद पडते ती ऐन जानेवारीत. तेव्हा कारागीर हाताशी असेल ती, म्हणजे गॅसचीच, बसवून मोकळा होतो. ज्यांची मुलं इकडे आहेत त्यांनी हीट पंपाची कोटेशनं उन्हाळ्यातच मागवायला सांगावं, अनुदानाचीही चौकशी तेव्हाच करावी.

– एक निवृत्त वीज कर्मचारी, सातारा (सध्या मेरीलँड)