गुडघ्याची कळ आणि पोटाचे दुखणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हर्निया म्हटला की आपण जांघेत गाठ शोधतो. पण ‘ऑब्च्युरेटर हर्निया’त बाहेर काहीच दिसत नाही. सगळ्या हर्नियांत याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी, आणि तो होतो बहुतेक ७०-८० वर्षांच्या, अंगाने वाळलेल्या बायकांना. कटीच्या हाडातल्या एका अरुंद वाटेने एक नस मांडीकडे उतरते. वयोमानाने तिथली चरबी झडली की आतडे त्याच वाटेत शिरते आणि नस दाबली जाते. म्हणून कळ येते मांडीच्या आतल्या बाजूला, पार गुडघ्यापर्यंत.

माझ्या मावशीला हेच झाले होते. गुडघ्यासाठी मलम, गोळ्या, एक्स-रे सगळे झाले. मधूनमधून पोट फुगायचे, उलट्या व्हायच्या आणि आपोआप थांबायच्या. ते पित्तावर गेले. पायाचा डॉक्टर वेगळा, पोटाचा वेगळा, दोघांचे कागदही वेगळ्या पिशव्यांत. ती पाय पोटाशी घेऊन निजायची, सरळ करायला गेले की कळवळायची. आम्हाला वाटायचे, संधिवात! खरे तर ही या आजाराची ‘हाउशिप-रॉम्बर्ग’ नावाची खूण, एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टरांना माहीत असलेली. शेवटी आतडे अडकले तेव्हा सीटी स्कॅन झाला आणि त्यात सगळे स्पष्ट दिसले. तोवर आतड्याचा तुकडा काळा पडला होता, तो कापून काढावा लागला. मावशी वाचली हे देवाचे आणि त्या सर्जनचे उपकार.

असा रुग्ण आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला अख्ख्या नोकरीत एकदाही भेटणार नाही, मग त्याला हा आजार आठवावा कसा? गोव्यातल्या अवघड केसेस बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉ) येऊन पोचतात. १८४२ पासूनचा वारसा सांगणाऱ्या गोमेकॉच्या शस्त्रक्रिया आणि रेडिओलॉजी विभागांनी अशा केसेसची चर्चा दर महिन्याला वाळपई, सांगे, काणकोणच्या डॉक्टरांसाठी ऑनलाइन खुली ठेवावी, अशी माझी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे. रुग्णाचे नाव न घेता, स्कॅन दाखवून, आधी काय निसटले तेही सांगून.

आणि घरच्यांनो, म्हातारीच्या मांडीत कळ येत असेल आणि उलट्याही होत असतील, तर दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरला सांगा. पोट फुगून वारा सरायचा थांबला, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

– एक वाचक, सत्तरी