एडिसनच्या घरासाठी फर्नेस-एसी: कोणता ब्रँड?

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

नव्या फर्नेस (हिवाळ्यात घर गरम करणारं यंत्र) आणि एसीसाठी तू पाठवलेली तिन्ही कोटेशनं नीट वाचली. गुडमन स्वस्त म्हणून धाकधूक आणि ट्रेन महाग म्हणून भरवसा, असं तुझं झालंय. पण आधी या कंपन्यांची सोयरीक बघ. कॅरियर आणि ब्रायंट एकाच घरचे. ट्रेन आणि अमेरिकन स्टँडर्डचंही तेच, रीम आणि रूडचंही तेच. गुडमन २०१२ पासून दायकिनकडे आहे. बऱ्याच ठिकाणी आतलं यंत्र तेच असतं, फक्त बिल्ला आणि भाव वेगळा.

ब्रँड पारखायचाच तर दोन गोष्टींवर पारख. पहिली, सुटे भाग. जानेवारीच्या कडाक्यात फर्नेसची इंड्यूसर मोटर (जळालेला धूर बाहेर ओढणारी) गेली, तर ती त्याच दिवशी मिळायला हवी. गुडमनचे भाग सप्लाय हाउसच्या (सुट्या भागांच्या घाऊक दुकानाच्या) काउंटरवर सहज मिळतात, लेनॉक्सचे बरेचसे त्यांच्याच दुकानांतून घ्यावे लागतात. ट्रेनवाल्याने सुचवलेली ‘कम्युनिकेटिंग’ सिस्टिम (जिचे भाग आपसात डिजिटल संदेशांनी बोलतात) मी तरी घेणार नाही. तिला थर्मोस्टॅटही त्याच कंपनीचा लागतो आणि बोर्ड गेला की दुसरं काही चालत नाही. साध्या २४ व्होल्टच्या थर्मोस्टॅटवर चालणारं मॉडेल माग.

दुसरी, वॉरंटी. दहा वर्षांची म्हणतात ती सहसा ६० किंवा ९० दिवसांत नोंदणी केली तरच, नाहीतर पाचच वर्षांची. तीही फक्त भागांची, मजुरी तुझ्या खिशातून. नोंदणी कॉन्ट्रॅक्टरवर सोडू नकोस. सीरियल नंबरांचे फोटो काढून स्वतःच करून टाक.

आता खरी गोम. हे यंत्र कारखान्यात अर्धंच तयार होतं, उरलेलं तुझ्या तळघरात. कोटेशनं बघ: त्याच घराला एक जण साडेतीन टन म्हणतो, दुसरा पाच. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढायची ताकद. पाच टनवाल्याने ‘मॅन्युअल जे’चा (घराला किती टन लागतात ते काढायच्या ठरलेल्या पद्धतीचा) हिशेब केलेला दिसत नाही, जुन्या यंत्रावरचा आकडा उतरवून वर थोडी भर घातलेली दिसते. गरजेपेक्षा मोठा एसी झटपट थंडावा देऊन लगेच थांबतो. आतल्या गार नळ्यांच्या कॉइलवर हवेतलं पाणी जमून निथळायला वेळच मिळत नाही, आणि न्यू जर्सीच्या जुलैत घर गार पण दमट राहतं.

शिवाय टनामागे साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, म्हणजे पाच टनांना २,०००. तुझ्या एकुलत्या एक रिटर्न डक्टमधून (खोल्यांतली हवा यंत्राकडे परत आणणारी वाहिनी) ती जाणार नाही. म्हणून कॉन्ट्रॅक्टरला स्टॅटिक प्रेशर (डक्टमधल्या हवेचा दाब) मोजून दाखवायला सांग. बहुतेक फर्नेस ०.५ इंच (पाण्याच्या उंचीत मोजलेल्या) दाबाला रेट केलेले असतात. त्याच्या बरंच वर गेलं की हवा ढकलणाऱ्या ब्लोअर मोटरवर ताण येतो आणि हिवाळ्यात लिमिट स्विच (फर्नेस फार तापला की तो बंद करणारा) वारंवार ट्रिप होतो. मग लोक ब्रँडला शिव्या घालतात! एक इंची जाड विणीचा फिल्टरही हाच घोळ घालतो. चार इंची फिल्टरचा कॅबिनेट बसवून घे.

कोटेशनवर एएचआरआय (अशा यंत्रांना प्रमाणित करणारी उद्योगसंस्था) नंबर हवाच. बाहेरचं युनिट, कॉइल आणि फर्नेस यांची जोडी प्रमाणित असेल तरच छापलेला सीयर-२ (एसीच्या कार्यक्षमतेचा) आकडा खरा.

रेफ्रिजरंटचं (एसीच्या नळ्यांत फिरून उष्णता वाहून नेणारं द्रव्य) थोडक्यात: २०२५ पासून नव्या यंत्रांत आर-४१०ए बंद. गुडमन आर-३२ वापरतं, ट्रेन आणि कॅरियर आर-४५४बी. त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही. तांब्याचे पाइप आचेवर जोडताना मात्र आतून नायट्रोजन सोडलाच पाहिजे, नाहीतर तांब्याच्या आत काळी खपली धरते आणि ती पुढे रेफ्रिजरंटचा प्रवाह आवरणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकते. मग व्हॅक्यूम पंपाने पाइपांतली हवा ओढून दाब ५०० मायक्रॉनच्या (निर्वात मोजायचं एकक) खाली न्यायचा, पंप बंद करून दहा मिनिटं गेजकडे बघायचं. आकडा जरासाच चढून थांबला तर ठीक. चढतच राहिला तर कुठेतरी गळती आहे. बराच वर चढून मग अडला तर आत ओलावा आहे. त्या गेजचा फोटो मागितल्यावर जो कुरकुरेल, त्याला काम देऊ नकोस.

माझं मत साडेतीन टनवाल्या गुडमनला, या अटी कोटेशनवर लिहून घेऊन. आणि ९० टक्क्यांवर कार्यक्षमतेचा फर्नेस घेतलास, तर त्यातून पाणी निघतं. ती ड्रेनची नळी गॅरेजच्या थंड भिंतीलगत नेऊ देऊ नकोस. पाणी गोठून तुंबलं की सुरक्षेचा प्रेशर स्विच फर्नेस सुरूच होऊ देत नाही.

डक्टचे फोटो पाठव, रिटर्नची मापंही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रसाद