'रन' शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

भाषांतराच्या कामाला नुकती लागले होते तेव्हा 'द कलर्स रॅन इन द वॉश' हे वाक्य मी 'धुताना रंग पळाले' असं करून तुमच्याकडे आणलं होतं. तुम्ही ते खोडलं नाहीत. 'कपड्याचा रंग काय करतो गं?' एवढंच विचारलंत. मी म्हटलं, 'जातो. एकाचा दुसऱ्याला लागतो.' 'मग तेच लिही,' म्हणालात.

आणि लगेच माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला घेतलंत: भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, वेळ लागतो, वाटेत नदी लागते. 'या सगळ्यांना इंग्रजीत एकच शब्द सापडेल का? मग 'रन'ला मराठीत एकच का शोधतेस? कोण 'रन' करतंय ते आधी बघ.'

तेव्हापासून तेच बघत आले. नाक वाहतं, इंजिन चालतं. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला 'रन' करतो, आपल्याकडे उभा राहतो. ब्रिटनमध्येही तो 'स्टँड'च करतो. सगळ्यात जास्त अडले ते 'अ रन ऑन द बँक'पाशी. धावणारे कोण, हेच वाक्यात नव्हतं. तुमचा प्रश्न आठवला आणि ठेवीदार दिसले. 'पैसे काढायला ठेवीदारांची झुंबड उडाली' असं लिहिलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

तुम्हीच सांगितलं होतंत की जुन्या इंग्रजीत हे क्रियापद धावण्यासाठी जसं होतं तसंच वाहण्यासाठीही होतं. म्हणजे रंगाचं 'रन' होणं ही नंतरची ओढाताण नव्हे. पुढे यंत्रं आली, संगणक आले, आणि शब्द त्यांच्याही कामाला आला. ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद 'सेट'ची होती. नव्या आवृत्तीसाठी कोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी 'रन' हातात घेतला, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. एका शब्दासाठी त्यांचे नऊ महिने गेले. हे वाचलं तेव्हा पहिली आठवण तुमची आली, कारण माझ्या एका वाक्यासाठी तुम्ही अख्खी संध्याकाळ दिली होतीत.

बाई, तुमचे मनापासून आभार. ती वही अजून माझ्याकडे आहे. तुमच्या अक्षरातल्या त्या यादीखाली परवा मी एक ओळ लिहिली: 'फोन लागला.'

तुमची,
एक विद्यार्थिनी