'संस्थगित' म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

अधिवेशनाच्या एकाच बातमीत मथळ्यात 'तहकूब', मजकुरात 'स्थगित' आणि शेवटच्या ओळीत 'संस्थगित' असे आपल्या अंकात वाचले. इंग्रजी बातमीत क्रियापद होते 'प्रोरोग'. (रोगाशी संबंध नाही.) ते रोजच्या वापरातले नाही, त्यामुळे गोंधळ समजू शकतो, पण इथे शब्द चुकला की अर्थही बदलतो.

लॅटिनमध्ये याचे मूळ 'मुदत वाढवणे' असे आहे. रोममध्ये अधिकाऱ्याचे वर्ष सरले आणि मोहीम अर्धवट राहिली, की त्याचा अधिकार असा वाढवून देत. वाढवण्यावरून पुढे ढकलणे, आणि ढकलता ढकलता इंग्रजीत संसदेचे सत्र मिटवणे, असा हा प्रवास. मराठीतही बांगडी 'वाढते' तेव्हा ती फुटलेलीच असते, म्हणून आपल्याला तरी याचे नवल वाटू नये.

बैठक तहकूब करतात ते अध्यक्ष; मग ती तासाभरासाठी असो वा बेमुदत. सभागृह तेव्हाही सत्रातच असते. 'प्रोरोग' करणे हा अधिकार अनुच्छेद 85 प्रमाणे राष्ट्रपतींचा, आणि राज्यात अनुच्छेद 174 प्रमाणे राज्यपालांचा. त्याने सत्रच संपते. विसर्जनात तर सभागृहच उरत नाही. हा फरक कागदापुरता नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सत्र चालू असताना वटहुकूम काढता येत नाही, तेव्हा सभागृह नुसते तहकूब आहे की त्याचे सत्र संपले आहे, हे वाचकाला कळायलाच हवे. आपल्याकडे प्रलंबित विधेयके मात्र सत्र संपल्याने बाद होत नाहीत. अनुच्छेद 107 तसे स्पष्ट म्हणतो. ब्रिटनमध्ये ती पुढे नेण्याचा ठराव नसेल तर बुडतात.

'संस्थगित' हा शब्द रूढ आहे, मान्य. पण त्यात 'स्थगित' दडलेला असल्याने काम थोडे थांबले आहे, इतकेच वाचकाला वाटते. 'सत्रसमाप्ती' हा सरळ शब्द मराठीत असताना तो का वापरू नये?

सप्टेंबर 2019 मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून ब्रिटिश संसदेची अशीच पाच आठवड्यांसाठी सत्रसमाप्ती झाली होती. 24 सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने ती बेकायदा आणि शून्यवत ठरवली. दुसऱ्या दिवशी सभागृह भरले, तेव्हा अध्यक्षांनी कामकाजाच्या नोंदवहीतली सत्रसमाप्तीची नोंद काढून टाकायला लावली आणि त्या जागी लिहायला सांगितले : सभागृह तहकूब झाले.

आपला,
एक नियमित वाचक