जुनी भांडी मेजावर घेताना

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील, जुन्या आणि दुर्मीळ भांड्यांनी जेवणाचे मेज कसे सजवावे याविषयीचा लेख आवडीने वाचला. मांडणी, रंगसंगती आणि जुन्या वस्तूंविषयीचा जिव्हाळा यांबाबत लेखिकेशी माझे दुमत नाही. परंतु भांडे मुळात वाढण्यासाठी असते, आणि शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या भांड्यात आज अन्न वाढावे की नाही, हा प्रश्न त्या संपूर्ण लेखात कुठेच आलेला नाही. सोबतच्या छायाचित्रात तर आतली कल्हई जागोजागी उडालेला तांब्याचा वाडगा आंबट फळांच्या फोडींनी भरलेला दिसतो आणि त्याच्या शेजारी कोरीव काचेची सुरई मद्याने काठोकाठ भरलेली. अशी भांडी मी बरीच वर्षे जमवत आलो आहे आणि वापरतही आलो आहे, म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे जुन्या पिढीला कोणी समजावून सांगावे लागत नसे. आम्लामुळे तांबे पदार्थात उतरते, म्हणून तर आतून कथलाचा थर, म्हणजे कल्हई, देण्याची पद्धत पडली. अमेरिकेतील उपाहारगृहांसाठीचा आदर्श नियमसंग्रह, ज्याला फूड कोड म्हणतात, तोही ६ पेक्षा कमी सामू (म्हणजे पीएच) असलेले आंबट पदार्थ, उदाहरणार्थ सिरका, फळांचा रस किंवा वाइन, उघड्या तांब्याच्या संपर्कात येऊ देत नाही. जुने तांब्याचे भांडे घेताना म्हणूनच बाहेरच्या चकाकीआधी आत बोट फिरवावे. कल्हई विरळ झाली असेल, तर ती पुन्हा करून घेता येते. तोवर त्यात फुले ठेवावीत किंवा न सोललेली फळे.

कोरीव काचेच्या सुरईची गोष्ट अधिक फसवी आहे, कारण तिच्यात काही बिघडलेले दिसतच नाही. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी १६७४ मध्ये लंडनमध्ये ज्या काचेचे पेटंट घेतले, तिच्यातूनच पुढे शिशाची काच रूढ झाली. जड, लखलखीत आणि टिचकी मारल्यावर घंटेसारखी वाजणारी ही काच, आणि ‘लेड क्रिस्टल’ म्हणवण्यासाठी युरोपीय नियमांनुसार तिच्यात किमान २४ टक्के शिशाचे ऑक्साइड लागते. १९९१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील ग्रॅझियानो आणि ब्लम यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की अशा सुरईत ठेवलेल्या वाइनमध्ये शिसे उतरते आणि ते महिनोन्‌महिने वाढत जाते. याचा अर्थ सुरई फेकून द्यावी असा नव्हे. जेवणाच्या वेळी तिच्यात ओतावे, जेवण आटोपले की उरलेले परत बाटलीत घालावे आणि सुरई धुऊन ठेवावी. दिवाणखान्यातील कपाटात ती कायमची भरून ठेवण्याची हौस मात्र सोडावी. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्यातून काहीच देऊ नये.

चिनीमातीच्या भांड्यांत लक्ष झिलईवर आणि तिच्यावरच्या रंगावर हवे. जुन्या झिलईत शिसे असणे ही अपवादाची गोष्ट नव्हती; झिलईच्या वरून काढलेल्या भडक नक्षीतही ते, आणि कधी कॅडमियम, असू शकते. बोटाने नक्षीचा उंचवटा जाणवत असेल किंवा तिरप्या उजेडात रंगाची चमक झिलईपेक्षा वेगळी दिसत असेल, तर ती नक्षी वरून काढलेली आहे असे समजावे. अशी बशी काठापुरतीच रंगवलेली असेल तर ठीक, पण अन्न टेकते तिथेच नक्षी असेल तर ती भिंतीवर शोभेल. अमेरिकेत १९३६ पासून निघालेल्या ‘फिएस्टा’ भांड्यांच्या गाजलेल्या लाल रंगात युरेनियमचे ऑक्साइड होते. १९४३ मध्ये तो रंग थांबला, १९५९ मध्ये परत आला आणि १९७२ पर्यंत चालला. ‘जुने ते शुद्ध’ या समजुतीला याहून मोठा धक्का कोणता असेल! बाजारात मिळणाऱ्या घरगुती चाचणीपट्टीचा रंग बदलला नाही म्हणून भांडे निर्धोक ठरत नाही. खरोखर रोज वापरायचे असेल, तर प्रयोगशाळेतून तपासून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

आता वयाविषयी. आपल्या लेखात ‘अँटिक’ आणि ‘व्हिंटेज’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले आहेत. सर्वसाधारण व्यवहारात, आणि १९६६ नंतरच्या अमेरिकी सीमाशुल्क कायद्यातही, शंभर वर्षे पूर्ण झालेली वस्तू ‘अँटिक’ गणली जाते. ‘व्हिंटेज’ला अशी पक्की सीमा नाही, त्यामुळे विक्रेता तो शब्द कशालाही लावू शकतो. विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा भांड्याच्या तळाशी बोलावे. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत छापणे १८९१ पासून सक्तीचे केले, म्हणून चिनीमातीच्या बशीवर देशाचे नाव असेल तर ती बहुधा त्यानंतरची असते. ‘बोन चायना’ हे शब्द छापलेली भांडी तर बहुतेक विसाव्या शतकातली. मात्र छाप हा पुरावा असला तरी निकाल नव्हे. जर्मनीतील माइसेन या चिनीमातीच्या कारखान्याच्या, एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारींच्या खुणेची नक्कल जितकी झाली, तितकी क्वचितच कोणत्या खुणेची झाली असेल.

चांदीच्या बाबतीत इंग्लंडची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. चालणाऱ्या सिंहाचा छाप म्हणजे १००० भागांत ९२५ भाग चांदी; त्याच्या जोडीला तपासणी झालेल्या शहराची खूण आणि वर्ष सांगणारे अक्षर असते, ज्यामुळे तबकाचे वय थेट वाचता येते. याउलट ‘ईपीएनएस’ अशी अक्षरे दिसली, तर तो निकेल सिल्व्हरवर विजेच्या साहाय्याने दिलेला चांदीचा मुलामा आहे. एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये या प्रक्रियेचे पेटंट घेतल्यानंतर ती सर्वत्र पसरली. निकेल सिल्व्हर किंवा जर्मन सिल्व्हर यांत चांदीचा कणही नसतो, तांबे, निकेल आणि जस्त असतात. नावाला भुलून किंमत मोजणारे तरीही भेटतातच. त्याआधीच्या शेफील्ड प्लेटमध्ये तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा तापवून एकजीव केलेला असे, म्हणून झिजलेल्या कडांवर तांबूस छटा डोकावते. ती छटा पाहून लगेच नवा मुलामा देऊ नये, जुन्या वस्तूचे मोल त्यानेच जाते. मुलाम्याचे भांडे फार घासूही नये. प्रत्येक घासणीत थोडी चांदी जाते. आणि मीठ कोणत्याही चांदीच्या भांड्यात रात्रभर राहू देऊ नये, त्याने खड्डे पडतात. जुन्या मीठदाण्यांना आतून काचेची वाटी किंवा सोन्याचा मुलामा असतो तो दिखाव्यासाठी नव्हे.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एकदा मोठ्या हौसेने घेतलेली एक लांबट बशी घरी आणून कढत पाण्यात घातली, तर काठाचा बोटभर तुकडा पिवळा पडून मऊ झाला. फुटलेला काठ रेझिनने भरून वर रंग दिलेला होता आणि विक्रेत्याने त्याचा उल्लेख केला नव्हता. तेव्हापासून मी दुकानात छोटी अतिनील विजेरी नेतो. तिच्या उजेडात दुरुस्ती बहुधा वेगळ्या रंगाची चमकते. नखाने हलकेच टिचकी मारून ऐकणेही मी सोडलेले नाही. सलग किणकिण आली तर बरे, बद्द आवाज आला तर आत चीर आहे. झिलईतले जाळीसारखे बारीक तडे दिसायला सुंदर असतात, पण त्यांत तेल आणि ओलावा मुरतो, तेव्हा अशा बशीत कोरडे पदार्थच वाढावेत. झाकणाचे भांडे घेताना झाकण त्याचेच आहे ना, हेही फिरवून पाहावे. दोन वेगळ्या वस्तू जुळवून एक केल्या, तर इंग्रजी व्यापारी त्याला ‘मॅरेज’ म्हणतात, आणि तो संसार किमतीला फारसा मानवत नाही.

संपूर्ण संचाच्या मागे धावण्याचा आपल्या लेखातील सल्ला मला पटला नाही. पूर्ण संच महाग पडतो आणि त्यातली एक ताटली फुटली की मन खट्टू होते. उंची आणि पांढऱ्या रंगाची छटा जुळत असेल, तर वेगवेगळ्या ठिकाणच्या ताटल्या एका मेजावर सुखाने नांदतात. सोनेरी काठाच्या ताटल्या मात्र मायक्रोवेव्हपासून आणि भांडी धुण्याच्या यंत्रापासून लांबच ठेवाव्यात.

या विषयावर पुढे लेख छापताना छायाचित्राखाली त्या भांड्याचे द्रव्य काय, अंदाजे काळ कोणता आणि ते अन्नासाठी वापरण्याजोगे आहे की केवळ शोभेचे, एवढा एक ओळीचा तपशील द्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक