जुन्या गाडीचा पंप बदलण्याआधी दाब मोजा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या पेट्रोल गाड्या आणि २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल यांविषयी गेल्या काही महिन्यांत आपल्या दैनिकात वाचकांची बरीच पत्रे आली. गाडी चढाला ओढत नाही, सकाळी तीन-तीनदा सेल्फ मारावा लागतो, वेगात असताना मध्येच झटके बसतात, या तक्रारी त्यांत वारंवार दिसतात आणि बहुतेक पत्रलेखक दोष थेट इंधनाला देतात. मी निवृत्त विज्ञान शिक्षक असून माझ्याकडे २००५ सालची छोटी पेट्रोल गाडी आहे. याच तक्रारींपायी माझे जवळजवळ चार महिने आणि बराच पैसा गेला, आणि अखेरीस जे कारण निघाले ते पेट्रोलमध्येही नव्हते आणि गाडीच्या इंधन पंपातही नव्हते. तो अनुभव इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सपाटीवर माझी गाडी व्यवस्थित चालत असे. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा चढ लागला की मात्र ती दम टाकू लागे आणि अॅक्सिलरेटर जितका दाबावा तितकी अधिकच अडखळे. एका गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले, मग इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारे इंजेक्टर साफ केले. त्यानंतर स्कॅनरने मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचा कोड दाखवला, म्हणून ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग, बदलला. वास्तविक तो सेन्सर आपले काम चोख करत होता. पेट्रोल कमी पडते आहे अशी खरी बातमी त्याने दिली होती, आणि ते का कमी पडते हे शोधण्याऐवजी बातमी आणणाऱ्यालाच काढून टाकले गेले. शेवटी टाकीतला पंप बदलण्याचा सल्ला मिळाला. या सगळ्या काळात इंधनाचा दाब एकदाही कोणी मोजला नव्हता.

कार्बोरेटरच्या गाड्यांमध्ये इंजिनावर बसवलेला यांत्रिक पंप जेमतेम ०.२ ते ०.३ बार (बार हे दाबाचे एकक) दाब देत असे आणि तेवढ्यावर काम भागत असे. इंजेक्टरच्या गाड्यांमध्ये, ज्यांना आपण एमपीएफआय म्हणतो, टाकीत बुडालेला विजेचा पंप साधारण २.५ ते ३ बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो; चाकात आपण जी ३० पौंड हवा भरतो तिच्याहूनही हा दाब जास्त आहे. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा याचे संगणकाचे गणित हा दाब ठरलेला आहे असे धरूनच केलेले असते. त्यामुळे दाब घसरला की बाकी सगळे भाग उत्तम असूनही इंजिन उपाशी राहते, आणि ते प्रथम जाणवते चढावर, कारण तिथे पेट्रोल सर्वांत जास्त लागते.

साताऱ्यातील एका वयस्कर मेकॅनिकने इंजेक्टरच्या नळीला प्रेशर गेज जोडला, त्याची लांब नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज काचेवर वायपरखाली अडकवला. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसते चालू असताना, काटा २.२ बारच्या आसपास होता, म्हणजे जवळजवळ ठीक. मग आम्ही दोघे गाडी घेऊन चढाच्या रस्त्याला गेलो. इथे एक गोष्ट समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. जुन्या गाड्यांत जास्तीचे पेट्रोल परत टाकीत सोडून दाब ताब्यात ठेवणारा एक दाब नियंत्रक असतो, आणि इंजिन हवा ओढते त्यामुळे तयार होणारी पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, त्याच्यापर्यंत पोचवणारी एक नळी त्याला येते. आयडलिंगला व्हॅक्यूम भरपूर असल्यामुळे दाब सुमारे अर्धा बार कमी राहतो, आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर व्हॅक्यूम नाहीसा होऊन दाब वाढला पाहिजे. आमचा काटा ३ कडे सरकण्याऐवजी १.५ पर्यंत खाली आला. गाडी गॅरेजमध्ये उभी ठेवून केवळ आयडलिंगला तपासली असती, तर हा दोष दिसलाच नसता.

परत आल्यावर त्यांनी रिटर्नची, म्हणजे जास्तीचे पेट्रोल टाकीत परत नेणारी, रबरी नळी दोन-तीन सेकंद चिमटून पाहिली. पंप सशक्त असेल आणि नियंत्रकच पेट्रोल परत टाकीत सोडून देत असेल, तर अशा वेळी दाब झपाट्याने चढतो. आमचा फारसा चढला नाही, म्हणजे दोष पुरवठ्याच्या बाजूला होता. फिल्टर नवीनच होता. मी म्हटले, मग आता पंपच. ते म्हणाले, थांबा, पंपाला जेवायला मिळते आहे का ते आधी बघू.

त्यांनी मागचे सीट उचलले आणि इंजिन चालू ठेवून पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि पंपापाशी जेमतेम १०.४. चांगल्या वायरिंगमध्ये हा फरक अर्ध्या व्होल्टच्या आसपास असावा. पॉझिटिव्ह आणि अर्थिंगची बाजू वेगवेगळी मोजल्यावर बहुतेक व्होल्ट अर्थिंगमध्येच खर्ची पडत असल्याचे दिसले. कार्पेटखाली पावसाचे पाणी झिरपून अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. तो घासून स्वच्छ केला, पंपाची वीज चालू-बंद करणारा रिले नवा बसवला, आणि त्याच चढावर काटा २.९ ला जाऊन स्थिर राहिला. पंप आजही तोच आहे.

माझ्या गाडीत निघाले तेच कारण प्रत्येक गाडीत निघेल असे मला अजिबात सुचवायचे नाही. व्हॅक्यूम नळी काढल्यावर तिच्यात पेट्रोल आढळले, तर नियंत्रकाचा पडदा फाटलेला असतो. इंजिन बंद केल्यावर दाब काही मिनिटे टिकायला हवा; तो लगेच पडत असेल आणि गरम गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल, तर पंपातली पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप, नियंत्रक किंवा ठिबकणारा इंजेक्टर तपासावा लागतो. काही गाड्यांत नियंत्रक टाकीतच असतो आणि रिटर्नची नळी नसते, तिथे वरची चिमटण्याची चाचणी लागू पडत नाही.

इथेनॉलविषयीच्या शंका मी निराधार मानत नाही. १ किलो पेट्रोल जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर १ किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इथेनॉलमिश्रित पेट्रोल जास्त लागते आणि पंपाला अधिक पुरवठा करावा लागतो. इथेनॉल पाणीही शोषून घेते, आणि २००५ च्या गाडीतील रबरी भाग या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, ही काळजी रास्तच आहे. परंतु धडधाकट पंपाला हा वाढीव भार जड जात नाही, आधीच दुबळ्या झालेल्या यंत्रणेचा दोष मात्र त्याने उघडा पडतो. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवण्याची आपल्याकडची सवय पंपाला त्याहून अधिक घातक आहे, कारण पंपाला थंड ठेवण्याचे काम टाकीतले पेट्रोलच करते.

हे प्रयोग वाचकांनी घरी करू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नळीत दाबाखालचे पेट्रोल असते. गेज जोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे लागते, ते गार होऊ द्यावे लागते आणि जवळ आग विझवण्याचे साधन असावे लागते. डिझेलच्या कॉमन रेल गाड्यांमध्ये दाब हजार बारच्याही वर जातो, तिथे या पद्धतीचा विचारसुद्धा करू नये. मालकाने करायचे ते एवढेच, की चावी ऑन केल्यावर मागून पंपाचा दोन-तीन सेकंद घुमण्याचा आवाज येतो का ते ऐकावे, आणि गॅरेजमध्ये कोणताही भाग बदलण्यास होकार देण्याआधी दाब मोजून मागावा.

गॅरेजचालकांनाही या पत्राद्वारे एक विनंती करतो. पंप, सेन्सर किंवा इंजेक्टर बदलल्याच्या बिलावर चावी ऑन असताना, आयडलिंगला, चढावर आणि इंजिन बंद केल्यानंतर पाच मिनिटांनी दाब किती होता हे चार आकडे, आणि पंपापाशी मिळालेले व्होल्ट, लिहून द्यावेत. या मोजणीचे वेगळे पैसे घ्यावेत, मी ते आनंदाने देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सातारा